परसबाग : हाताला बसेल तेच अवजार

मृगाचे चार शिंतोडे पडले, मातीचा वास सुटला की घराघरांत बागेचा उत्साह संचारतो. कोणी कुंपणाच्या कडेने भेंडीचे बी टोचायचे ठरवते, कोणी गच्चीवर वांगी-टोमॅटोच्या कुंड्या मांडायचे बेत रचते. आणि सर्वांत आधी होते ती खरेदी! दुकानात म्हणा किंवा घरबसल्या फोनवर म्हणा, रंगीत मुठींच्या पाच-सात अवजारांचा सुबक संच डोळ्यांत भरतो. एवढेसे फावडे, एवढासा पंजा, एवढेसे दाताळे, सोबत हातमोजे आणि हे सगळे ठेवायला फुलाफुलांची पिशवी. संच घरी येतो, मुले खूश होतात. पहिल्याच रविवारी अंगणातल्या टणक मातीत ते फावडे खुपसले जाते आणि मानेशी वाकते. पंजाची मूठ आठवडाभरात निखळते. दाताळे कशासाठी होते, हे तर शेवटपर्यंत कोणाला कळत नाही.

असे एखादे तरी घर प्रत्येकाच्या माहितीत असते. श्रावण संपता संपता तिथली बाग गवताने भरून गेलेली दिसते आणि घरातली मंडळी म्हणतात, ‘‘आमच्या हाताला यशच नाही.’’ शेजारीपाजारी ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणून हसतात. पण पुष्कळदा इथे अंगण खरोखरच वाकडे असते. दोष हाताचा नसतो, मातीचाही नसतो. चुकीच्या अवजाराने काम दुप्पट जड झालेले असते, इतकेच.

भाजीची बाग बहुतेक घरांत बाईच्याच हातची असते. स्वयंपाक, मुलांचे डबे, नोकरी यांतून उरलेला अर्धा तास ती बागेला देते. त्या अर्ध्या तासात मनगट भरून आले, तळहाताला फोड आले तर दुसऱ्या दिवशी तिचे पाऊल बागेकडे वळत नाही. पावसाळ्यात खुरपणी आठ दिवस लांबली की गवत मेथीच्या डोक्यावर जाते, पंधरा दिवस लांबली की मेथी शोधावी लागते. म्हणून अवजार निवडणे ही हौसेची गोष्ट नव्हे. बाग टिकणार की बुडणार, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

आधी माती पाहावी

खरेदीला निघण्यापूर्वी आपली जागा कोणती आणि माती कोणती, हे बघून घ्यावे. गच्चीवरच्या कुंड्यांत खणण्यासारखे काही नसतेच. तिथे कुदळ, फावडे घेऊन ठेवणे म्हणजे पैसे अडगळीत टाकणे. खुरपे, झारी आणि एक चांगली कात्री, एवढ्यावर गच्चीवरची बाग वर्षानुवर्षे चालते.

जमिनीवरच्या वाफ्यांचा हिशेब वेगळा. देशावरची आणि माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसात पायाला, पात्याला चिकटते. तिला कुदळीशिवाय गत्यंतर नाही. कोकणात, गोव्यात जांभ्याची खडकाळ जमीन असते. तिथे एखादा खड्डा घ्यायचा तर पहारच लागते. उलट दिल्ली, लखनौ, कानपूरकडच्या गाळाच्या मऊ मातीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे एका फावड्यात भागून जाते. नव्या सोसायटीच्या किंवा नुकत्याच बांधलेल्या बंगल्याच्या आवारात तर मातीपेक्षा राडारोडाच जास्त असतो. विटांचे तुकडे, सिमेंटच्या गुठळ्या, खिळे, फरश्यांचे कपचे. अशा ठिकाणी पहिल्या वर्षी कुदळ, घमेले आणि मोठ्या भोकांची चाळण यांचेच काम अधिक. पण हे वर्षातून एकदाच. तेवढ्यापुरती कुदळ शेजाऱ्याकडून मागून आणली किंवा माळ्याला दोन दिवस बोलावले तरी चालते.

आणि माती कोणतीही असो, तिच्यात वाफसा असतानाच अवजार लावावे. मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा व्हावा, पण बोटाने टिचकी मारताच तो फुटून जावा. हा वाफसा. चिखलात खणले तर ढेकळे होतात आणि ती वाळून विटेसारखी बनतात. कडकडीत कोरड्या मातीत खणले तर दांडा मोडतो, नाही तर कंबर. कित्येक चांगली अवजारे केवळ वाफशाची वाट न पाहिल्यामुळे मोडीत निघालेली आहेत.

खुरप्यावर पैसे खर्च करावेत

बागेत एकच अवजार घ्यायचे असेल तर ते खुरपे. गवत काढणे, माती भुसभुशीत करणे, रोपांभोवती आळे करणे, वांग्याच्या बुंध्याशी मातीची भर देणे, रोप उचलून दुसरीकडे लावणे, खत मिसळणे, सगळे यानेच होते. त्यामुळे इतर ठिकाणी काटकसर करून खुरप्यावर चार पैसे जास्त घालवावेत. नेमके उलटे होते. सर्वांत स्वस्त वस्तू म्हणून खुरपे निष्काळजीपणे उचलले जाते.

खुरपी दोन प्रकारची मिळतात. एक पत्र्याचे. यंत्रावर पत्रा कापून, दाबून आकार दिलेला असतो, वर चकचकीत रंग असतो. दुसरे घडीव, म्हणजे लोहाराने लोखंड तापवून, ऐरणीवर ठोकून केलेले. हे दिसायला काळे, ओबडधोबड. पात्यावर हातोड्याच्या खुणा असतात आणि एका ताटातल्या दोन खुरप्यांचा आकार सारखा नसतो. पण घडीव पाते मानेशी जाड आणि धारेकडे पातळ होत जाते, म्हणून ते वाकत नाही आणि मातीत सहज शिरते. पत्र्याचे पाते सगळीकडे सारखेच जाड असते. ट्रकच्या जुन्या कमान-पाट्यापासून केलेली खुरपी लोहाराकडे मिळतात, ती मिळाली तर सोडू नयेत. ते पोलाद मुळातच लवचीक आणि कणखर असते. धार धरून ठेवते.

दुकानात पारख करायची पद्धत सोपी आहे. पात्याचे टोक फरशीवर टेकवून मुठीवर हलका भार द्यावा. पाते किंचित लवून पुन्हा सरळ झाले तर घ्यावे. वाकलेलेच राहिले तर दुकानदाराकडे बघून हसावे आणि ठेवून द्यावे. मग मूठ पाहावी. पात्याची शेपटी मुठीत किती आत गेली आहे, हे महत्त्वाचे. ती मुठीच्या दुसऱ्या टोकातून बाहेर काढून वळवलेली असेल तर मूठ सहसा निसटत नाही. नुसती बोटभर आत ठोकलेली असेल तर पहिल्याच पावसाळ्यात लाकूड फुगून-आटून मूठ हातात आणि पाते मातीत, अशी वेळ येते. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे बसवलेले असावे, त्याने लाकूड चिरत नाही.

आता सर्वांत मोठी गोष्ट. मूठ कोणाच्या हाताला बसते? बाजारात जायचे ते घरातल्या पुरुषाने, अवजार उचलून बघायचे त्याने, आणि रोज खुरपायचे मात्र दुसऱ्या कोणी, असे अनेक घरांत चालते. ज्याच्या हातात अवजार राहणार त्यानेच ते निवडावे. मूठ धरल्यावर अंगठ्याचे टोक बोटांच्या टोकांवर अलगद टेकले पाहिजे. साधारण सव्वा इंच जाडीची मूठ बायकांच्या हाताला बरी पडते. दोन इंचांची मूठ धरून ठेवण्यातच निम्मी ताकद जाते आणि संध्याकाळी पोळ्या लाटताना मनगट बोलू लागते. अगदी बारीक मूठही वाईटच, कारण ती हातात फिरते आणि तळव्याला फोड आणते.

ही नाजूक हातांची नसती कौतुके आहेत, असे कोणी समजू नये. शेतीतल्या स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारी केंद्रीय संस्था भुवनेश्वरला १९९६ पासून आहे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतही हातअवजारांवर बरेच काम झाले आहे. स्त्रियांची उंची, हाताचा पंजा, पकडीची ताकद यांची मोजमापे घेऊन त्यांना झेपतील अशी अवजारे करण्याचा खटाटोप अशा संस्था करतात. कारण वर्षानुवर्षे अवजारे पुरुषांच्या मापाने घडली आणि शेतातली खुरपणी मात्र बायका करीत आल्या. परसबागेत तरी तोच घोळ कशाला घालावा?

दुकानदार बाई आलेली पाहून हमखास म्हणतो, ‘‘ताई, हे घ्या, हलके आहे.’’ आणि तो गुलाबी मुठीचे खेळणे पुढे करतो. हलके म्हणजे चांगले, असे मुळीच नाही. खुरप्याला थोडे वजन हवे, म्हणजे मातीत शिरायचे काम ते वजनच करते आणि हाताला फक्त दिशा द्यावी लागते. मूठ लहान, पाते वजनदार, असे मागावे. घरात कोणी डावखुरे असेल तर त्याच्यासाठी पाते उलट बाजूला वळवून देण्याचे लोहाराला सांगता येते. संचवाल्यांना ते सांगता येत नाही.

लोहार शोधायचा कुठे, असा प्रश्न शहरातल्या मंडळींना पडेल. आठवडी बाजारात एका कडेला खुरपी, विळे, विळ्या मांडून बसलेला माणूस दिसतोच. महाराष्ट्रात घिसाडी समाजाची कुटुंबे रस्त्याच्या कडेला भाता पेटवून काम करताना दिसतात. उत्तरेत आणि मध्य प्रदेशात गाडिया लोहार भेटतात. आपले पूर्वज १५६८ साली चितोड पडल्यावर घर न बांधण्याची शपथ घेऊन बाहेर पडले, असे ते सांगतात. नवरा तापलेले लोखंड सांडशीत धरतो आणि बायको घण घालते, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना खुरप्याच्या किमतीत घासाघीस करवत नाही. त्यांच्याकडून घेतलेल्या खुरप्याचा आणखी एक फायदा. धार गेली, पाते झिजले की त्यांच्याचकडे नेऊन पुन्हा तापवून, ठोकून घेता येते. गावाकडे याला शेवटणे म्हणतात. पत्र्याचे खुरपे शेवटता येत नाही, ते फेकावेच लागते.

गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र उकिडवे बसून खुरपण्याचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी खुरप्याचेच पाते साडेचार-पाच फुटांच्या दांड्याला बसवून घेता येते. उभ्याने ओढून ओढून गवत निघते, काम थोडे ढोबळ होते, पण होते. साठी ओलांडलेल्या आजी-आजोबांना बागेत रमायचे असेल तर हा दांडा त्यांच्या औषधाइतकाच गरजेचा समजावा. कुंड्यांच्या बागेत एक बुटके स्टूल ठेवले तरी पुष्कळ सोय होते.

कुदळ घ्यावी की फावडे?

दहा बाय दहा फुटांच्या वाफ्याला दोन्ही हवीत असे नाही. माती टणक, दगडगोट्यांची असेल तर लहान कुदळ. माती मऊ असेल, सऱ्या-वरंबे ओढायचे असतील, पाण्याला वाट करून द्यायची असेल तर फावडे, ज्याला काही भागांत खोरे म्हणतात. नावांच्या बाबतीत जरा जपावे. हिंदी मुलखात ‘कुदाल’ मागितली तर कित्येकदा दुकानदार रुंद पात्याचे अवजार पुढे करतो आणि मराठी माणूस आपल्या टोकदार कुदळीची वाट बघत उभा राहतो. इंदूरला घमेले मागून उपयोग नाही, तिथे ‘तगारी’ म्हणावे लागते. नावावर विसंबण्यापेक्षा वस्तूवर बोट ठेवावे, हे उत्तम.

कुदळ आणि फावडे घेताना दांड्याकडे नीट पाहावे. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला धरून सरळ गेलेल्या असाव्यात. त्या मध्येच तिरक्या होऊन बाहेर पडत असतील किंवा तिथे गाठ असेल, तर दांडा नेमका तिथेच मोडतो. बाभळीचा दांडा चिवट असतो. रंग फासलेला दांडा घेऊ नये, रंगाखाली काय दडले आहे ते दिसत नाही. कुदळीचा दांडा टोकाकडे जाड होत गेलेला असतो आणि कुदळ खालून वर सरकवून त्यावर घट्ट बसते, म्हणजे घाव घालताना ती आणखी आवळली जाते. दांडा बारीक म्हणून चिंध्या कोंबून बसवलेली कुदळ कधी निसटून कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. लहान मुले आसपास असताना तर असली कुदळ उचलूच नये.

फावड्याचा आखूड दांडा हा आपल्याकडचा जुनाच रोग. त्याने कंबरेत वाकून काम करावे लागते. दुकानात दांडा आखूडच मिळाला तर पाते तेवढे घ्यावे आणि सुताराकडून आपल्या उंचीचा दांडा बसवून घ्यावा. उभे राहून दांडा जमिनीवर टेकवला तर तो छातीपर्यंत यावा, हे माप बहुतेकांना सोयीचे पडते. आणि पाते लहान घ्यावे. रस्त्याच्या कामावरचे रुंद फावडे मातीने भरले की घरच्या माणसाला दहाव्या फेरीलाच धाप लागते.

दाताळे घ्यायचे की नाही, ते झाडांवर ठरते. आवारात आंबा, फणस, बदाम असेल आणि पाचोळा साठत असेल तर लांब दांड्याचे दाताळे जरूर घ्यावे. पावसाळ्यात पाचोळ्याच्या ढिगाखाली साप, विंचू दडतात. कोकणात तर ही रोजची धास्ती. ढीग हाताने कधीही उपसू नये, दाताळ्याने आधी हलवावा. झाडे नसतील तर दाताळ्याची गरज नाही.

झारी : मोठी नको, दोन लहान हव्यात

पाणी घालायला काय, कोणतीही झारी चालते, असे वाटते. पण मेथी-कोथिंबिरीचे बी पेरून त्यावर तांब्याने किंवा पाइपच्या धारेने पाणी ओतले की सगळे बी वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात जमा होते आणि तिथेच दाट रान उगवते. बाकी वाफा रिकामा. ‘बी खराब निघाले’ अशी तक्रार मग बियाण्याच्या दुकानात जाते.

दहा लिटरची झारी भरली की दहा किलोंपेक्षा जास्त वजन एका हातात येते, खांदा एका बाजूला झुकतो. त्याऐवजी पाच-पाच लिटरच्या दोन घेऊन दोन्ही हातांत धराव्यात, तोल राहतो. जिना चढून गच्चीवर पाणी न्यावे लागत असेल तर हे विशेष पाळावे. झारीच्या तोंडाचा फवारा काढता-घालता येणारा असावा, कारण टाकीच्या पाण्यातल्या कचऱ्याने भोके बुजतात आणि फवारा काढून उलट्या बाजूने पाणी मारल्याशिवाय ती मोकळी होत नाहीत. फवाऱ्याची भोके आकाशाकडे तोंड करून असली तर पाणी वर उडून हलक्या सरीसारखे पडते. कोवळ्या रोपांना तसेच पाणी हवे. मोठ्या झाडांना फवारा काढून थेट बुंध्याशी घालावे.

प्लॅस्टिकची झारी उन्हात राहिली की वर्ष-दोन वर्षांत तडकते, सावलीत ठेवली तर बरीच टिकते. पत्र्याची जस्त चढवलेली झारी जड, पण दणकट. रबरी पाइप वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. दुपारभर उन्हात पडलेल्या पाइपमधले पाणी चांगलेच तापलेले असते. ते आधी बादलीत सोडून द्यावे, रोपांवर नको.

कापायला काय?

वांगी, भेंडी, दोडकी हिसका मारून तोडण्याची सवय वाईट. देठाबरोबर फांदीची साल निघते, कधी रोपच उपटून येते. दोन-चार कुंड्या असतील तर जुनी मजबूत कात्री पुरे. लिंबू, शेवगा, कढीलिंब, गुलाब असेल तर माळी जिला ‘सिकेटर’ म्हणतात ती कात्री घ्यावी. तिचे दोन प्रकार असतात. एकीत वरचे पाते दुसऱ्याच्या कडेवरून सरकते, साध्या कात्रीसारखे. दुसरीत ते खालच्या चपट्या पट्टीवर येऊन आपटते. कोवळ्या, हिरव्या फांद्यांसाठी पहिलीच घ्यावी, दुसरी देठ चेचते. ती वाळक्या काटक्यांना ठीक. पाते मिटवून ठेवायची खिटी आहे ना, स्प्रिंग सहज दबते ना, हे दुकानातच दहा वेळा उघडझाप करून पाहावे. लहान पंजाच्या माणसाला पूर्ण उघडलेली सिकेटर एका हातात मावत नसेल तर ती कितीही चांगली असली तरी त्याच्या कामाची नाही.

टोमॅटोच्या झाडावर पाने आकसलेली, चट्टेपट्टे पडलेली दिसली तर त्याची छाटणी सर्वांत शेवटी करावी आणि पाते साबणाच्या पाण्याने धुवावे. टोमॅटोचा मोझाइक रोग हातांवरून आणि पात्यावरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो.

कुंपणाकडेचे उंच गवत कापायला विळा लागतो. भातकापणीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दातेरी ‘वैभव’ विळा तयार केला. तो कोकणातल्या घराघरांत पोचला, कारण दातेरी पात्याला वारंवार धार लावावी लागत नाही. कोकणातल्या नातेवाइकांकडे जाणे झाले तर येताना एक घेऊन यावा.

बाकीचे घरातच असते

रोपे लावायला जुने उलथने उत्तम, माती भरायला तेलाच्या रिकाम्या डब्याचा तिरका कापलेला अर्धा भाग. जुनी चाळण, फुटकी बादली, सुतळी, बांबूच्या काठ्या, काहीही विकत आणावे लागत नाही. मात्र स्वयंपाकघरातली वस्तू एकदा बागेत गेली की ती बागेचीच. शेणखतात फिरलेली पळी घासून पुन्हा डाळीत, असे नको. घमेले एक जरूर घ्यावे, लोखंडी किंवा जाड रबरी. त्याच्याइतकी बहुगुणी वस्तू नाही. माती त्यात, खत त्यात, काढलेले गवत त्यात आणि दुधी, भोपळे निघाले तर तेही त्यातच. निंबोळी अर्क किंवा साबणाचे पाणी फवारायला एक लिटरचा हातपंप पुरतो. त्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत ‘बाग’ असे लिहून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. बॅटरीवर चालणारी यंत्रे एवढ्याशा जागेत घेऊ नयेत, त्यांची देखभाल बागेहून जास्त होते.

हातमोजे मापाचे मिळाले तर घ्यावेत, ढगळ घेऊ नयेत. वांग्याच्या आणि लिंबाच्या काट्यांत त्यांचा उपयोग होतो. कुदळ, फावडे चालवताना पायात बंद बूट हवेत, चपला नव्हेत. मातीत राबताना कापले, खिळा टोचला तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुऊन डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. मागचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, ते घरातल्या प्रत्येकाचे कुठेतरी लिहून ठेवलेले बरे.

काम आटोपल्यावर अवजार धुवावे, पुसावे आणि तेलाचा बोळा फिरवावा. पाच मिनिटांचे काम. पण ते होत नाही आणि दसऱ्याला पूजेसाठी शोधून काढेपर्यंत खुरप्यावर गंजाचे पापुद्रे आलेले असतात. मुंबई, पणजी, चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या गावांत तर खाऱ्या हवेने एका रात्रीत लाली चढते. पात्याला कोणतेही खाण्याचे तेल चालते. लाकडी मुठीला आणि दांड्याला वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळावे, लाकूड चिरत नाही. तेलाने भिजलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत. धारेसाठी एक चपटी कानस ठेवावी आणि एकाच बाजूने, धारेकडे ओढत, महिन्यातून एकदा चारदोन हात मारावेत. दांडा हलू लागला तर तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय सगळे सांगतात. लाकूड फुगून तो घट्ट होतो खरा, पण वाळला की पुन्हा हलतो. पाचर ठोकणे हाच खरा इलाज.

अवजारे भिंतीवर खिळ्यांना टांगून ठेवावीत, पाती खाली आणि मुलांच्या हातापलीकडे. खुरप्याच्या मुठीला लाल किंवा पिवळ्या तैलरंगाचा एक रुंद पट्टा ओढावा. कारण खुरपे मोडून जाण्यापेक्षा हरवण्याचेच प्रमाण जास्त. काढलेल्या गवताबरोबर ते घमेल्यात जाते, घमेल्यातून खताच्या खड्ड्यात, आणि मग सहा महिन्यांनी खत उपसताना सापडते, मूठ कुजलेली आणि पाते मात्र शाबूत.